पाण्याचा पत्ता



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला भरते, त्यांच्या वाशीतल्या दवाखान्याची पायरी मी पहिल्यांदा चढलो ती काचपट्ट्या न्यायला. तेव्हा मी हिवताप विभागात कीटक समाहारक होतो. डास गोळा करणारा माणूस, एवढाच त्या पदाचा अर्थ. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, पिशवीत डास ओढून घ्यायची नळी, काचेच्या परीक्षानळ्या आणि कापसाचे बोळे. लोक विचारायचे, डास मारायचे सोडून तुम्ही पकडता कशाला? तेव्हा मला याचं नीट उत्तर देता येत नसे.

डॉक्टरांच्या टेबलाशेजारी, खिडकीच्या उजेडात, एक जुना सूक्ष्मदर्शक होता. ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचून ते स्वतः काचपट्टी तयार करत आणि शेवटचा रुग्ण गेला की ती बघत बसत. केसपेपरवर नाव, वय, पत्ता लिहून झाला की त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे, ‘घरी पाणी कशात साठवता?’ लोक गोंधळत. बहुतेकांना वाटे, पोटाचं विचारताहेत. ‘उकळून पितो, डॉक्टर,’ असं उत्तर यायचं. मग ते शांतपणे पुन्हा विचारायचे, ‘पिता कसं ते नाही विचारलं. साठवता कशात?’ पिंप, हौद, गच्चीवरची टाकी, बांधकामावरचा ड्रम, जे उत्तर येईल ते पत्त्याखाली लिहिलं जाई. भिंतीवर सिडकोच्या सेक्टरांचा नकाशा होता आणि त्यावर लाल पेन्सिलीचे ठिपके होते. मी म्हटलं, ‘ही पेशंटांची घरं का?’ ते म्हणाले, ‘नाही. हे पाण्याचे पत्ते आहेत.’

पुढची तीस-पस्तीस वर्षं मी त्या पत्त्यांमागे फिरलो. आज इथे जे बोलणार आहे, ते त्या फिरण्यातून आलेलं आहे.

नवी मुंबईच्या माणसाला डास म्हटलं की आठवते ती संध्याकाळ. खाडीवरचा वारा पडलेला असतो, दिवेलागणीला सगळ्या खिडक्या बंद होतात आणि तरीही कानाशी गुणगुण चालूच राहते. हा डास क्युलेक्स. तो नाल्यातल्या, गटारातल्या, तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. आपलं शहर त्याला सोयीचं आहे, आणि त्याचं कारण शहराच्या जन्मातच आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-बेलापूर-पनवेल पट्ट्यातल्या ९५ गावांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर आणि खाजणावर शहर वसवायला घेतलं. यातली बरीच जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. म्हणून समुद्र अडवणाऱ्या हॉलंडकडून युक्ती घेतली आणि धारण तलाव बांधले. भरती आली की झडप मिटायची, पावसाचं पाणी तलावात थांबायचं आणि ओहोटीला ते खाडीत उतरायचं. व्यवस्था चांगली होती. पण तलाव गाळाने भरले, त्यांत कांदळवन वाढलं. गाळ काढायचा तर कांदळवन तोडावं लागतं आणि कांदळवन तर आपल्याला राखायचंच आहे. तोवर पाणी थांबलेलं राहतं आणि क्युलेक्सची सोय होते.

आता यातली खरी अडचण सांगतो. मी नोकरीत असताना तक्रारवहीत ज्या तक्रारी यायच्या, त्यांतल्या जवळजवळ सगळ्या या क्युलेक्सच्या असत. आणि क्युलेक्स मलेरिया पसरवत नाही, डेंग्यूही नाही. त्याच्याकडून हत्तीरोग होऊ शकतो. पण ज्या दोन तापांनी या शहरातली माणसं पावसाळ्यात आडवी होतात, त्यांचे डास वेगळेच आहेत आणि ते तक्रारवहीत येत नाहीत. मलेरियाचा डास, ॲनोफिलीस, फारसा गुणगुणत नाही, रात्री उशिरा येतो आणि संख्येने थोडा असतो. डेंग्यूचा एडिस, ज्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा पायाच्या घोट्याला चावतो आणि निघून जातो. ज्याच्याबद्दल लोक ओरडतात तो एक आणि ज्याच्यापायी लोक आजारी पडतात ते दुसरे. धूर सोडणारी गाडी मात्र ओरड असेल तिकडे जाते. मी स्वतः अशा गाडीवर बसून कित्येक रात्री फिरलो आहे. तो धूर त्या क्षणी हवेत उडत असलेला डास मारतो, एवढंच. टाकीतल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. घरातल्या पडद्यामागे बसलेली डासाची मादीही त्यातून सुखरूप सुटते. साथ ऐन भरात असताना धुराचा थोडा उपयोग होतो, हे मान्य आहे. पण लोकांना दिसतं म्हणून वर्षभर करायचं ते काम नव्हे. याबाबत मी माझ्या साहेबांशी भांडलो होतो आणि हरलो होतो.

डासात डास ओळखायचा कसा? भिंतीवर बसलेला डास अंगाची एक सरळ तिरकी रेघ करून, शेपूट वर करून बसला असेल तर तो ॲनोफिलीस. भिंतीला समांतर, पाठीला बाक काढून बसला असेल तर क्युलेक्स. अळ्यांतही असाच फरक. क्युलेक्सच्या आणि एडिसच्या अळीला शेपटाकडे श्वासाची नळी असते, म्हणून ती पाण्यात डोकं खाली करून लटकते. ॲनोफिलीसच्या अळीला ती नळी नसते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडून असते, काडीचा तुकडा तरंगावा तशी. डिपर, म्हणजे लांब दांड्याचं पांढरं पातेलं, पाण्यात बुडवायचं, वर काढायचं आणि मोजायचं. आडव्या किती, लटकणाऱ्या किती. दहा वेळा बुडवायचं, दहा वेळा मोजायचं. आमच्या संशोधनाचा पाया एवढाच आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, मोजण्याचा प्रामाणिकपणा लागतो. उन्हात गच्चीवर तिसऱ्या टाकीनंतर ‘निरंक’ लिहून खाली उतरायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला आहे.

मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात असतो हे रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला पाहिलं, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या पुढची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे आणि ती कुणी शिकवत नाही. वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, ग्लेन लिस्टन नावाचा एक डॉक्टर नेमणुकीवर होता. तिथले डास तो वर्षभर टिपत बसला आणि १९०१ साली त्याने आपली टिपणं छापली. त्यात त्याने एक नवी जात नोंदवली. तिला स्टीफन्स या मलेरियाच्या अभ्यासकाचं नाव मिळालं, ॲनोफिलीस स्टीफेन्सी. हाच लिस्टन पुढे मुंबईत आला आणि प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवणाऱ्यांत त्याचा मोठा वाटा होता. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ पासून आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, तिचा तो संचालकही झाला. अचलपूरला पकडलेली ती जात म्हणजे मुंबईच्या मलेरियाची मूळ गुन्हेगार, हे मात्र आणखी दहा वर्षांनी कळलं.

तोवर समज असा होता की मलेरिया दलदलीचा, भातशेतीचा, जंगलाचा ताप. मग मुंबईच्या फोर्टात, दगडी इमारती आणि फरसबंद रस्त्यांच्या मधोमध, माणसं थंडी वाजून का कापत होती? सरकारने चार्ल्स बेंटलीला हे शोधायला नेमलं. त्या काळी मलेरिया मोजायची रीत म्हणजे शाळेतल्या मुलांच्या पोटावर हात ठेवून पानथरी वाढली आहे का ते पाहायचं. बेंटलीने पानथऱ्या तपासल्या, घरं तपासली आणि विहिरींवर येऊन थांबला. मुंबईच्या जुन्या घरांच्या चौकांत, वाड्यांत, दुकानांच्या मागे विहिरी होत्या. पाणी स्वच्छ, सावलीतलं, हललेलं नाही. त्यात स्टीफेन्सीच्या अळ्या आडव्या पडलेल्या. १९११ साली त्याचा अहवाल छापून आला. सांगणं सरळ होतं. विहिरी बुजवा, नाहीतर डास आत जाणार नाही अशा झाका.

मग जे घडलं, त्याची मला फार आठवण येते, मी ते पाहिलेलं नसूनही. पारशी समाजाने हरकत घेतली. विहिरीचं पाणी पवित्र, त्यावर सूर्यप्रकाश पडला पाहिजे, झाकलेल्या विहिरीचं पाणी धर्मकार्याला चालत नाही. हिंदूंमधूनही विरोध झाला. इंग्रज अधिकाऱ्यांना हा अडाणीपणा वाटला. मला तो वाटत नाही. विहार तलावाचं पाणी शहरात १८६० पासून येत होतं, पण नळाचं पाणी केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या घराला घरची विहीर म्हणजे आधार. विहीर बुजवा म्हणणाऱ्याने आधी भरवशाचा नळ द्यावा. शेवटी अनेक ठिकाणी तोड निघाली. विहिरीवर झाकण, झाकणाला दार, आणि दाराला तारेची बारीक जाळी. जाळीतून ऊन जातं, डास जात नाही. धर्म राहिला, मलेरिया कमी झाला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही पूजली जाते. तिच्यासमोरून जाताना मी नेहमी दोन मिनिटं थांबतो.

पुढे काय झालं? विहिरी गेल्या आणि टाक्या आल्या. १९२८ साली गॉर्डन कॉव्हेलने मुंबईचा मलेरिया पुन्हा तपासला तेव्हा गच्चीवरच्या टाक्यांत तोच स्टीफेन्सी सापडला. डासाने पत्ता बदलला होता, पाणी तेच होतं. आपण पाणी साठवतो ते नळावर भरवसा नसतो म्हणून, आणि जोवर साठवतो तोवर हा डास असणार. नवी मुंबईला स्वतःचं मोरबे धरण आहे, तरीही गावठाणांत आणि डोंगराच्या कडेच्या वस्त्यांत घरापुढे निळी पिंपं भरून ठेवलेली असतात. ती पिंपं पाहिली की कुठे पाणी कमी वेळ येतं हे मला नकाशाशिवाय कळतं.

बेंटलीच्या कामात दुसरी एक गोष्ट आहे, आणि आपल्या शहरासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे. त्याच्या लक्षात आलं की मुंबईत मलेरिया भडकतो तो समुद्र भरताना, गोद्या बांधताना. बाहेरून हजारो मजूर येतात, झोपड्यांत राहतात, खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचतं. त्याच सुमारास उत्तर बंगालच्या डुआर्समधल्या चहाच्या मळ्यांवर त्याने आणि क्रिस्टोफर्सने हेच पाहिलं होतं. ताप हा डास, पाणी आणि एका जागी आणून कोंबलेली माणसं यांच्या भेटीतून होतो. यातलं माणसांचं कोंबणं आपण करतो.

नवी मुंबई हे शहर एक दिवसही बांधकामाविना राहिलेलं नाही. सिडकोच्या पहिल्या घरांपासून ते आता उलव्याच्या विमानतळापर्यंत. आणि बांधकामाएवढी स्टीफेन्सीची सोय कुठेच नाही. स्लॅब टाकला की तो पक्का होण्यासाठी त्यावर सिमेंटचे बारीक बांध घालून दिवसच्या दिवस पाणी भरून ठेवतात. लिफ्टचा खड्डा भरलेला असतो. तळघरात पाणी असतं. मजल्यामजल्यावर ड्रम असतात. हे सगळं पाणी स्वच्छ असतं, कारण घाण पाण्याने काँक्रीट चांगलं होत नाही. डासाला अंड्यापासून उडायला सात ते दहा दिवस लागतात आणि स्लॅबवर पाणी साधारण तेवढेच दिवस उभं असतं.

एका बांधकामाची गोष्ट सांगतो. ठिकाण आणि मालक सांगत नाही. चौदावा मजला, जिन्याला कठडा नव्हता. वर पोचलो तर सगळ्या स्लॅबवर आरशासारखं पाणी. डिपर बुडवायचीही गरज नव्हती, वाकून पाहिलं तरी आडव्या अळ्या दिसत होत्या. खाली पत्र्याच्या खोल्यांत मजूर राहत होते. त्यांतला नांदेडकडचा एक तरुण तापाने फणफणला होता. मी त्याचं रक्त घेतलं आणि सवयीने डॉक्टरांचा प्रश्न विचारला, ‘पाणी कशात साठवता?’ तो म्हणाला, ‘साहेब, आमच्याकडं साठवायला पाणीच नाही. पाणी बिल्डिंगला लागतं.’

त्याची काचपट्टी डॉक्टरांनी स्वतः पाहिली. व्हायवॅक्स निघाला. मुंबई आणि नवी मुंबईत मलेरिया बहुतांशी याच जातीचा असतो. तो सहसा मारत नाही, पण मुक्काम ठोकतो. या जंतूची काही रूपं यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतात. म्हणून क्लोरोक्विनने ताप उतरला तरी प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी तो तरुण कामावर गेला, कारण रोज बुडाला असता. आठव्या दिवशी ठेकेदाराने त्याला दुसऱ्या साइटवर हलवलं. गोळ्यांचं पाकीट कुठे गेलं कुणाला ठाऊक? आठवडाभर मी त्याला घणसोलीपासून तळोज्यापर्यंत शोधलं. सापडला नाही. यकृतातला जंतू मात्र त्याच्याबरोबर गेला होता, आणि नव्या साइटवरही स्लॅब होता, पाणी होतं, डास होता.

या बाबतीत गोवा आपल्या पुढे गेला. १९८६ नंतर पणजीत आणि किनाऱ्यावर असाच बांधकामांचा मलेरिया वाढला. तिथे मलेरिया संशोधनाच्या केंद्राने दोन साध्या गोष्टींचा एकत्र वापर करून पाहिला. एक, बीटीआय नावाचा जीवाणू, जो अळीच्या पोटात गेला की तिला मारतो आणि माणसाला काही करत नाही. दुसरी, गोव्याच्याच पाण्यातला अप्लोकायलस नावाचा छोटा मासा. विहिरी आणि टाक्यांत मासे सोडले, बांधकामांवर जीवाणू फवारला. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मजुराची रक्ततपासणी करून त्याला आरोग्यपत्रक देणं कायद्याने बांधकाम करणाऱ्याच्या अंगावर टाकलं. गप्पी मासे आपणही सोडतो. पण मजुराचं आरोग्यपत्रक हा मला त्या सगळ्यातला सर्वांत मोठा शोध वाटतो. त्याने माणूस हिशेबात आला.

डीडीटीविषयी थोडक्यात बोलतो, कारण ती गोष्ट अनेकांनी सांगितली आहे. १९४५च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई प्रांतातल्या कारवार-धारवाड भागात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारायला सुरुवात केली. त्यामागचा हिशेब नेमका होता. जंतू डासाच्या अंगात पक्व व्हायला दहा-बारा दिवस लागतात, म्हणजे तरुण डास निरुपद्रवी असतो, म्हातारी मादीच धोक्याची. रक्त पिऊन भिंतीवर टेकणारी मादी त्या आधी मेली की साखळी तुटते. १९५३ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६१ साली रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उरले. मग आपण सैल सोडलं, डास डीडीटीला सरावले, आणि १९७६ साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. शहरांना तर भिंतीवरच्या फवारणीचा उपयोग मुळातच कमी. म्हणून १९७१ पासून नागरी हिवताप योजना आली आणि तिचं काम पुन्हा बेंटलीच्या वाटेवर आलं, म्हणजे पाण्याकडे.

आता डेंग्यूकडे येतो. एडिसचा पत्ता शोधायला चौदा मजले चढावे लागत नाहीत, तो आपल्या दिवाणखान्यात आहे. मनीप्लांटची बाटली, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, गॅलरीत पालथा घालायचा राहून गेलेला डबा. याची अंडी भांड्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. पाणी पुन्हा चढलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना भांडं नुसतं ओतून चालत नाही, कडा घासून काढाव्या लागतात. हे सांगायला आम्ही दारोदार जातो तेव्हा काय होतं? झोपडीचं दार उघडं असतं. गावठाणातली आजी आत बोलावते, पाणी देते, पिंपाची झाकणं स्वतः काढून दाखवते. मोठ्या सोसायटीत मात्र सुरक्षारक्षक इंटरकॉमवर विचारतो आणि वरून उत्तर येतं, आमच्याकडे डास नाहीत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी एका पावसाळ्यात एकाच इमारतीच्या दारात उभं राहून सतरा वेळा हे उत्तर ऐकलं. त्याच इमारतीत त्या महिन्यात डेंग्यूचे रुग्ण निघाले. त्या बाई कंत्राटावर होत्या, आजही आहेत.

एडिस काय करू शकतो याचा महाराष्ट्राला जुना अनुभव आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या माणसांनी तिचा अभ्यास केला. हे केंद्र १९५२ साली सुरू झालं. आज ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. बार्शीनंतर तो विषाणू जणू देश सोडूनच गेला. तीस वर्षं त्याचं नाव निघालं नाही आणि २००५-०६ मध्ये तो सांधे धरत परत आला. एडिस मात्र मधली तीस वर्षं इथेच होता. विषाणू गेला म्हणून डासाची मोजणी थांबवायची नसते, हे तेव्हा कळलं. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण सापडला, झिका हाही याच डासाच्या वाटेने आलेला विषाणू.

नव्या उपायांविषयी मला नेहमी विचारलं जातं. जालन्याजवळ दावलवाडीला २०१७ साली जनुकं बदललेल्या एडिस नरांची बंदिस्त जाळीत चाचणी सुरू झाली होती. त्या नराची पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरात वोलबाकिया नावाचा जीवाणू असलेले एडिस सोडले, तर डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. हा निकाल पक्का आहे आणि मला त्यातून आशा वाटते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीला २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली आणि ती आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते आहे, याचा मराठी माणूस म्हणून मला अभिमान आहे. पण ती फाल्सिपारम या जातीवरची लस आहे. नांदेडच्या त्या पोराला तिचा उपयोग नव्हता. त्याला हवी होती चौदा दिवसांची पगारी सुट्टी.

आणि आता आफ्रिकेचंच एक सांगतो. अचलपूरला नाव मिळालेला, मुंबईच्या विहिरीत आणि टाकीत वाढलेला हा स्टीफेन्सी २०१२ साली जिबूतीच्या बंदरात सापडला. त्या देशाने मलेरिया जवळजवळ संपवला होता; त्या वर्षी सत्तावीस रुग्ण होते. २०२० साली त्र्याहत्तर हजारांवर गेले. तिथून तो इथिओपिया, सुदान, नायजेरियापर्यंत पोचला. आफ्रिकेतले जुने मलेरियाचे डास प्रामुख्याने खेड्यांतले, पावसाच्या डबक्यांतले; तिथली शहरं त्यामानाने सुरक्षित होती. आमचा डास शहरातलाच, त्याला बांधकाम आणि टाकी पुरते. २०२२ मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात उद्रेक झाला तेव्हा तिथले लोक पाण्याचे ड्रम आणि हौद तपासत हिंडत होते. शंभर वर्षांपूर्वी गिरगावात आणि फोर्टात जे झालं, ते तिथे आता घडतं आहे. त्यांना मदत करण्याइतकं ज्ञान जगात कुणाकडे असेल तर ते मुंबई, पणजी, नवी मुंबई इथल्या हिवताप विभागांतल्या क्षेत्र कार्यकर्त्यांकडे आहे. ते ज्ञान पुस्तकांत थोडं आणि गुडघ्यांत जास्त आहे. ते लिहून घ्यायला हवं. त्यातले बरेच जण निवृत्त झाले, काही गेले.

डॉक्टरांचा तो नकाशा त्यांच्या मुलीने जपून ठेवला आहे. मुलीनेच मला मागच्या महिन्यात तो पाहायला बोलावलं. कागद पिवळा पडला आहे, लाल ठिपके फिके झाले आहेत, पण ओळखू येतात. मी त्यातले काही पत्ते उतरवून घेतले आणि दोन रविवार त्या ठिकाणी जाऊन आलो. पहिल्या ठिपक्याच्या जागी पूर्वी हौद होता, आता बारा मजली इमारत आहे आणि तिच्या गच्चीवर टाकी आहे. दुसऱ्याच्या जागी पुनर्विकासाचं काम चालू आहे, लिफ्टचा खड्डा पाण्याने भरलेला. तिसऱ्याच्या जागी तीच जुनी चाळ, तीच पिंपं. फक्त लोखंडाऐवजी प्लास्टिकची.

आमच्या सोसायटीच्या टाकीला अनेक वर्षं शिडी नव्हती. शिडी नाही म्हणून तपासायला कुणी चढत नसे आणि कुणी चढत नाही म्हणून शिडी कुणी लावत नसे. दोन सर्वसाधारण सभांमध्ये मी हा विषय मांडला. पाच हजारांचा खर्च कशाला, असं एक जण म्हणाले. तिसऱ्या सभेत मंजुरी मिळाली आणि गेल्या शुक्रवारी शिडी बसली. चढण्यासारखे माझे गुडघे आता राहिले नाहीत. पाचव्या मजल्यावरचा, नववीतला मुलगा माझ्याकडून टॉर्च घेऊन चढला. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग वरून त्याची हाक आली, ‘आजोबा, झाकण घट्ट बसतंय. पण बाजूच्या पाइपाला जाळी नाहीये.’

जाळी आणली आहे. उद्या सकाळी तो शाळेला जायच्या आधी वर चढून बांधणार आहे.